प्रोसिडिंगचं कोरं पान

वाचक विचारतात : गावकारभार

मागच्या अंकात आमच्या चक्कीजवळच्या फळ्याचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर सतरा पत्रं आली. चार पत्रांत 'तो फळा पुसून टाका' असा सल्ला आहे. चारही पत्रांचं अक्षर एकच आणि ओळखीचं वाटतं, पण असो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं शिपाई होतो. दवंडी, नळाचा व्हॉल्व्ह, घरपट्टीच्या पावत्या, साहेबांचा चहा, सगळं माझ्याकडंच. निवृत्त झाल्यावर शाळेनं टाकून दिलेला एक फळा मागून आणला. दर सोमवारी त्यावर पंचायतीच्या कारभारातली एक गोष्ट लिहितो. एकच.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. बी.ए. केलं, घरची सात एकर कोरडवाहू करतो. वर्षभरापासून गावच्या राजकारणावर दोन पानी पत्रक लिहून झेरॉक्स वाटतो, फोनवरही पाठवतो. लोक 'लय भारी लिहिलं' म्हणतात, पण ग्रामसभेत माझ्यासोबत कोणी उभं राहत नाही. आता सरपंचाची माणसं बाबांना भेटून गेली. 'तुमचं पोट्टं काय लिहून राह्यलं, वाचलं काय?' म्हणाले. आई रडते. नाव न टाकता लिहू का? (एक तरुण वाचक, वाशीम जिल्हा)

उत्तर : बाबू, सोबत पाठवलेली तुझी तीन पत्रकं मी दोनदा वाचली. लिहितोस चांगलं. पण पहिल्या पत्रकात 'भ्रष्टाचार' हा शब्द मोजला, अकरा वेळा आला. आकडा एकही नाही. 'लूट', 'दरोडेखोर', 'टोळी' हे आणखी वेगळंच. असं वाचताना लोकांना कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. माना डोलवतात आणि घरी जातात. ग्रामसभेत उभं राहून नेमकं म्हणायचं काय, हे त्यांना तुझ्या पत्रकातून मिळत नाही.

आमच्या इथली गोष्ट सांगतो. खालच्या वस्तीतल्या सिमेंट रस्त्याचं बिल निघालं. मोजपुस्तकात, म्हणजे कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीत, लांबी १२० मीटर. मी आणि चक्कीवाला रात्री जेवणं झाल्यावर नायलॉनची दोरी घेऊन गेलो. दोरीला आधीच मीटरमीटरवर गाठी मारून ठेवल्या होत्या. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये गावातली झाडून सगळी कुत्री. मोजणी आली ९४. मग कडेची माती उकरून नातवाची शाळेची पट्टी लावली. कागदावर जाडी १५ सेंटिमीटर होती. पट्टीवर कुठं ११, कुठं साडेनऊ.

सोमवारी फळ्यावर लिहिलं : 'खालच्या वस्तीचा रस्ता. मोजपुस्तकात १२० मीटर. दोरीनं ९४ मीटर. ज्याला शंका असेल त्यानं आपल्या घरची दोरी आणावी.' खाली माझं नाव. बस. कोणावर आरोप नाही, एक विशेषण नाही.

बुधवारपर्यंत नऊ-दहा घरची माणसं खरंच दोऱ्या घेऊन फिरली. एक म्हातारी काठीनं मोजत होती आणि मध्येच आकडा विसरून परत पहिल्यापासून सुरू करत होती. त्यातली बरीच माणसं पुढच्या ग्रामसभेत दिसली. मी कोणालाही बोलवायला गेलो नव्हतो. 'म्या सोता मोजला जी' एवढंच वाक्य त्यांच्याजवळ होतं, पण ते त्यांचं होतं.

आता नावाचं. नाव टाक. गावात अक्षरावरून, शब्दावरून, झेरॉक्सच्या दुकानावरून लिहिणारा संध्याकाळपर्यंत कळतोच. नाव नसलं की समोरच्यांना 'पाठीमागून वार करते' म्हणायला मिळतं. पण आईचं रडणं खोटं नाही, ते हलक्यात घेऊ नको. एकट्याचं नाव असण्यापेक्षा तिघांची असू दे, आणि ती तीन वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली असू देत. घरी कोण आलं, कधी आलं, कोणासमोर काय म्हणालं, हे तारखेसह वहीत लिहून ठेव. धमकी असेल तर ठाण्यात अर्ज देऊन पोच घे. आणि पत्रक वाटायच्या दोन दिवस आधी सरपंचाला एक प्रत नेऊन दे. त्यानं उत्तर दिलं तर तेही त्याच पत्रकात छाप. तुला हसू येईल, पण आमच्या रस्त्याच्या बाबतीत सरपंचालाच १२० चा आकडा माहीत नव्हता. बिलावर सही केली होती, आकडा वाचला नव्हता.

त्याआधी मात्र घरचं बघ. घरपट्टी थकली असेल तर भरून टाक. ओटा सरकारी जागेत सरकला असेल तर मागं घे. शासकीय जागेवर अतिक्रमण केलं की पंचायतीचं सदस्यत्व जातं, असं कायद्यात आहे. तू आज सदस्य नाहीस, पण ते लोक पहिला हात तिथंच घालतील. बाबांचं नाव घरकुलाच्या यादीत असेल किंवा शेतरस्त्याचा वाद पंचायतीपुढं असेल, तर लिहिण्याआधी घरात बसून बोलून घ्या. मी हे उगाच सांगत नाही.

प्रश्न : आमच्याकडं महिला ग्रामसभा होतच नाही. तरी रजिस्टरवर आमच्या सह्या असतात. हे कसं होतं? (बचत गटाची एक अध्यक्ष, अमरावती जिल्हा)

उत्तर : ताई, हे कसं होतं ते माझ्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. ते रजिस्टर मीच फिरवायचो.

सकाळी सातला निघायचं. बाया निंदणाला जायच्या आत. हातात रजिस्टर, खिशात स्टॅम्प पॅडची डबी. 'सही करून द्या जी, घरकुलाचं आहे' म्हटलं की चुलीपुढून उठून सही मिळायची. पान वरून अर्धं कोरं, सह्या खालच्या अर्ध्यात. वरच्या अर्ध्यात काय लिहायचं ते मग तालुक्याच्या ठिकाणी, ग्रामसेवकाच्या भाड्याच्या खोलीत ठरायचं. कधी आठ दिवसांनी, कधी ऑडिट लागल्यावर. एका वर्षी कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, भरायला तिघी कमी पडत होत्या. पाऊस होता, मला वस्तीवर जायचा कंटाळा आला. शाळेच्या पडवीत बसून माझ्या डाव्या अंगठ्याचे तीन ठसे मारले. त्यातली एक बाई पोळ्याच्या आधीच वारली होती. मला ते माहीत होतं. तिच्या तेरवीला मी जेवलो होतो.

एका वाचकानं खरमरीत विचारलंय, 'तेव्हा तुम्ही गप्प का होता?' त्याचंही उत्तर इथंच देतो : पगार पंचायत द्यायची, तोही तीन-तीन महिने थकलेला, आणि दोन मुली लग्नाच्या होत्या. एवढंच कारण आहे. आणखी चांगलं कारण माझ्याजवळ नाही.

आता तुमच्या कामाचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायदा १९५८ चा. त्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायांची सभा वेगळी घ्यायची असते. नोटीस सात दिवस आधी. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी तो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही मेख लक्षात ठेवा. गावोगावचे कितीतरी ठराव अशा तहकूब सभेत अकरा माणसांनी पास केलेले असतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत २ ऑक्टोबरची सभा सकाळी अकराला ठेवली तर बाया येणार कुठून? तुम्ही गटातर्फे लेखी अर्ज द्या की सभा संध्याकाळी ठेवा, आणि अर्जाची पोच घ्या.

यापुढं कोऱ्या पानावर सही करायची नाही. गटातल्या प्रत्येकीला सांगा. घरी रजिस्टर घेऊन येणाऱ्या शिपायाला पाणी पाजा, चहा पाजा, सही देऊ नका. बिचारा तोही हुकमाचा ताबेदार. सभेत सही करताना नावापुढं तारीख आणि वेळ घाला.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रोसिडिंग, सभेचं इतिवृत्त. आमच्या रस्त्याच्या सभेत दोन तास आरडाओरडा झाला. टेबल वाजलं, कोणी गुळण्या टाकल्यासारखे शब्द टाकले, सरपंच खाली मान घालून बसला. लोक जिंकल्यासारखे घरी जेवायला गेले. महिन्यानं प्रोसिडिंगची नक्कल काढली, तर त्यात एक ओळ : 'खालच्या वस्तीतील रस्त्याच्या कामाबाबत चर्चा होऊन ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.' माझ्या फळ्याला, त्या सगळ्या दोऱ्यांना, दोन तासांच्या ओरडण्याला सरकारदरबारी किंमत एवढी.

मग आम्ही शहाणे झालो. प्रत्येक ग्रामसभेत पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. नेहमी यावर 'वाचलं समजा' म्हणून पुढं जातात. त्या वेळी खालच्या वस्तीतल्या चौदा बाया पहिल्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, वाचा. त्या ओळीवर थांबवलं. समाधान कोणी व्यक्त केलं, त्याचं नाव सांगा म्हणाल्या. नाव कोणाजवळ नव्हतं. दुरुस्ती लिहून घेतली : लांबी २६ मीटर कमी, जाडी कमी, फेरमोजणी करावी. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ ओढली आणि रेघेला चिकटून सह्या केल्या, म्हणजे मध्ये काही घुसवायला जागाच नाही. एकीनं फोनवर पानाचा फोटो काढला. तो ठराव पंचायत समितीत गेल्यावर अभियंता स्वतः टेप घेऊन आला. होळीआधी उरलेला २६ मीटर रस्ता झाला. जाडीचे पैसे काही परत आले नाहीत, आणि ते येतील असं मी तुम्हाला सांगणार नाही.

प्रश्न : माहिती अधिकारात पंचायतीचा पाच वर्षांचा सगळा खर्च मागितला. १,४०० पानांचे २,८०० रुपये भरा असं पत्र आलं. हा छळ नाही का? (निवृत्त एस.टी. कंडक्टर, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : कंडक्टरसाहेब, रागावू नका, सुरुवात तुम्हीच केली. १,४०० पानं घरी आणून तुम्ही करणार काय? दोन रुपये पान हा दर नियमातलाच आहे. एका अर्जात एकच विषय आणि अर्ज दीडशे शब्दांत, हेही महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून आहे.

एकच काम धरा. एखादी नाली, एखादं शाळेचं कंपाउंड. त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजपुस्तकाची पानं, बिलाचं व्हाउचर, काम पूर्ण झाल्याचा दाखला. पंधरा-वीस पानांत सगळी कुंडली येते. खर्च चाळीस रुपये आणि वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. त्याहून बरं म्हणजे नकला न मागता कागद बघायला मागा. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. माझा अनुभव असा की कपाट उघडून समोर बसलेल्या माणसाला नुसत्या फायलींच्या धुळीवरूनही बरंच कळतं.

अर्ज करण्याआधी ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर बघून घ्या. केंद्र सरकारनं ते २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी सुरू केलं. वित्त आयोगाचा पैसा कोणत्या कामावर, कोणाच्या खात्यात, किती गेला हे त्यात गावानुसार दिसतं. गल्लीतलं कोणतंही कॉलेजचं पोरगं पाच मिनिटांत काढून देईल. तिथला आकडा हातात घेऊन अर्ज केला की 'माहिती उपलब्ध नाही' म्हणायची सोय राहत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढं माहिती फुकट द्यावी लागते. पहिलं अपील ३० दिवसांत, पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. आपल्याकडं आयोगाची खंडपीठं नागपूरला आणि अमरावतीला आहेत. तिथं तारीख लागेपर्यंत तो रस्ता उखडून दुसऱ्यांदा मंजूर झालेला असतो, म्हणून पहिल्या अपिलातच जोर लावा. आणि ग्रामसेवकावर सगळा राग काढू नका. एकेकाकडं दोन-तीन गावं असतात. आमच्या शेवटच्या साहेबाचा मुलगा त्याला 'पाहुणे' म्हणायचा.

प्रश्न : गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा मी अॅडमिन आहे. कोणी वाकडंतिकडं टाकलं तर मला आत टाकतील का? (एक किराणा दुकानदार, गोंदिया जिल्हा)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगून ठेवलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी नुसता अॅडमिन आहे म्हणून अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर वेगळं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्दच केलं. पण बदनामीचा गुन्हा आहे तिथंच आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमात. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं खरं त्यात बसत नाही, मात्र ते खरं आहे हे दाखवायला कागद लागतो. म्हणून परत तेच, मोजपुस्तकाचं पान. सणावाराच्या, जातीपातीच्या पोस्टी मात्र दिसल्या की काढा. त्यात कायद्याचा प्रश्नच नाही, दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाला साखर मोजून द्यायची आहे.

प्रश्न : मेंढा (लेखा) सारखं आपल्या गावात का होत नाही? (शिक्षक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : गुरुजी, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं ते शंभरएक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. वनहक्क कायद्याखाली त्यांना २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात यायला २०११ उजाडलं. तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. हे सगळे कळस. पाया आपण विचारत नाही. पाया म्हणजे अभ्यास गट. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावातले लोक वर्षानुवर्षं नुसते बसून कायदा, जंगल, हिशोब समजून घेत राहिले. निर्णय बहुमतानं करायचा नाही, सगळ्यांच्या सहमतीनं करायचा, मग त्याला कितीही बैठका लागोत.

आमच्या गावात नऊ जाती, तीन मोहल्ले, दोन पार्ट्या आणि एका पार्टीत दोन भाऊ. सहमती सोडा, पोळ्याचं तोरण कोण बांधणार यावर दोन वर्षं पोलीस बंदोबस्त होता. जंगल नाही, त्यामुळं सगळ्यांचं मिळून एक असं काही नाही. तरी अभ्यास गटाची नक्कल करता येते. आम्ही चक्कीत बसतो, गुरुवारी रात्री. सात-आठ जण. मागच्या हिवाळ्यात पंचायतीचं बजेट एकेक ओळ वाचलं. 'किरकोळ' या शब्दावर तीन गुरुवार गेले.

प्रश्न : फळ्यावर चूक झाली तर? आणि फळा नेमका कुठं लावावा? (दोन पत्रांत विचारलेलं एकत्र करतो. वर्धा आणि अकोला जिल्हा)

उत्तर : चूक झाली आहे. हातपंप दुरुस्तीचे ९,००० रुपये खोटे आहेत असं मी लिहिलं होतं. पंप दुरुस्त झाला होता, फक्त तो मी बघितलेला नव्हता, टोल्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरचा होता. पंप दुरुस्त करणारा पोरगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही, नुसता म्हणाला, 'काका, यायचं होतं नं पाणी प्यायला तिकडं.' त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'माझं चुकलं' असं लिहून आठवडाभर ठेवलं. त्या आठवड्यात मी चक्कीवर दळण न्यायला नातवाला पाठवलं, हे कबूल करतो.

जागेचं म्हणाल तर पारावर लावू नका, तिथं एकाच पार्टीची माणसं बसतात. देवळाशी लावला तर एका समाजाचा होतो, समाजमंदिराशी लावला तर दुसऱ्याचा. चक्कीत ज्वारी सगळ्यांची येते, आणि पीठ होईपर्यंत माणसाला उभं राहण्याशिवाय काम नसतं. बाया येतात, पोरं येतात. वाचता न येणाऱ्याला चक्कीवाला वाचून दाखवतो, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून, म्हणजे रस्त्यावरच्यालाही ऐकू जातं.

खडू साखरेच्या पाण्यात बुडवून लिहावं. अक्षर पांढरंफेक उठतं आणि कोरड्या हातानं पुसलं जात नाही. त्या चार पत्रांतल्या भाऊंनी येताना ओलं फडकं आणावं.